बारा बावन्नला बंद झालेलं घर

आमच्या दाराच्या चौकटीला एक पांढरा सेन्सर चिकटवलेला आहे, काडेपेटीपेक्षा लहान. दार उघडलं की तो कुणाला तरी सांगतो. कुणाला सांगतो आणि कुठल्या रस्त्यानं सांगतो, एवढ्या एका गोष्टीवर या उन्हाळ्यात आमचं अख्खं घर अडकून पडलं होतं. सगळं सांगते. मी फार घाईत सांगते असं आई म्हणते, तर तेवढं सांभाळून घ्या.

आम्ही हैदराबादला बरकतपुऱ्यात राहतो, पहिल्या मजल्यावर. खाली रस्त्याच्या बाजूला एक खोली आहे, तिथं आई ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल लावते. वरती बाबा. मधे एकोणीस पायऱ्या, पण जिना उतरतो बाजूच्या गल्लीत, त्यामुळे खालच्या खोलीतून कोण आलं कोण गेलं काही दिसत नाही. मशीन चालू असली की ऐकूही येत नाही. मी सकाळी मेट्रोनं ऑफिसला जाते, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. दादा पुण्यात. म्हणजे सकाळी दहापासून दुपारी दीडपर्यंत, आई जेवायला वर येईपर्यंत, बाबा एकटे.

आणि बाबा विसरायला लागले होते.

जामबागेत त्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं, छत्तीस वर्षं. आजूबाजूला शाळाच शाळा. आमचे आजोबा बिदरकडचे शेतकरी, घरातून दुकानात बसलेला पहिला माणूस म्हणजे बाबा, त्यामुळे दुकानाचा त्यांना भारीच अभिमान. दुपारी पाऊणला दुकान बंद करून घरी जेवायला यायचे, तीनला परत उघडायचे. लहानपणी सुट्टीत मी दुकानात असायचे, तर बंद करायची पद्धत मला पाठ आहे. आधी मागच्या खोलीचा पंखा. मग ट्यूबलाइट. मग काउंटरवरचा दिवा. मग सगळी बटणं, एकही सोडायचं नाही, ज्याला काही जोडलेलं नाही तेसुद्धा. मग शटर, कुलूप, आणि कुलपाला तीन हिसके. दोन नाही, चार नाही. तीन हिसके दिले की हात कपाळाला लावायचा आणि म्हणायचं, "चला, घरी."

दुकान दीड वर्षापूर्वी बंद झालं, कारण गिऱ्हाइकानं चौरेघी वही मागितली तर बाबा भूगोलाचं पुस्तक द्यायला लागले, आणि गिऱ्हाईक परत आलं की त्यालाच रागवायला लागले.

मग मी दाराला सेन्सर लावला. सोपं होतं, डब्यातून काढा, अॅप घ्या, झालं. दार उघडलं की आईच्या फोनवर टिंग. मी ऑफिसात सगळ्यांना दाखवत फिरले होते. महिनाभर छान चाललं. बाबा दोनदा जिन्यात आले, दोन्ही वेळा टिंग झालं, आई धावत गल्लीत गेली, हात धरून वर घेऊन आली.

मग एके दिवशी गल्लीच्या तोंडाशी पाइपासाठी खड्डा खणला आणि त्यात नेटची वायर तुटली. बास. दार उघडलं, सेन्सरनं सांगितलं, पण सांगितलेलं पोचलंच नाही. त्या दिवशी मला कळलं, ते "टिंग" आमच्या दारातून निघून कुठल्या तरी परदेशातल्या कंपनीच्या मशीनपर्यंत जायचं, आणि तिथून परत बरकतपुऱ्यात, एकोणीस पायऱ्या खाली आईच्या फोनवर यायचं. एकोणीस पायऱ्यांसाठी! मी हे शिकलेली मुलगी आहे, हेच काम करते, आणि माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तीन तास बाबा सापडले नाहीत. आई गल्लीगल्लीत हाका मारत होती, मी मेट्रोत उभी होते आणि प्रत्येक स्टेशनला दार उघडायला किती वेळ लागतो ते बघत होते. मग जामबागेतून दुकानाच्या शेजारच्या बाइंडिंगवाल्या चाचांचा फोन आला. "बेटा, तुम्हारे पप्पा इधर आ को बैठे हैं. कबसे ताला खोल रै, खुल नै रा." बाबांच्या हातात आमच्या घराची किल्ली होती. आमच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात, त्या दिवशी ते बंद होतं. घर त्यांनी नीट बाहेरून कुलूप लावून बंद केलं होतं.

त्या संध्याकाळी दादाचा फोन. स्पीकरवर.

"बाहेरून कुलूप लाव. आई खाली जाताना लावेल, दीडला उघडेल. संपला विषय."

"बाबांना कोंडायचं?"

"साडेतीन तास. सेफ राहतील."

"आणि आग लागली तर? पडले तर?"

"आणि बसखाली आले तर? तू बोल ना, कोणतं पाहिजे तुला?"

"तू ये इकडं आणि स्वतःच्या हातानं लाव मग!"

आई मधे म्हणाली, "भांडू नका रे, ते ऐकतायत." बाबा ऐकत नव्हते. खुर्चीत बसून माझ्या ऑफिसच्या डायरीला कागदाचं कव्हर घालत होते, कोपरे अगदी सरळ दुमडून.

मी म्हटलं, मला आठ दिवस द्या. नेटशिवाय चालणारं करते. घरातल्या घरात. आठ दिवसांत जमलं नाही तर लावा कुलूप.

दादा म्हणाला, "बरं." आईला दोन्ही नको होतं.

आता हे जरा सांगू द्या, मला यात खरंच मजा येते, त्या दिवसांतही येत होती आणि त्याचीच लाज वाटायची. घरातला राउटर म्हणजे नेट, असं सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. बाहेरची वायर काढून टाकली तरी घरातली यंत्रं त्या राउटरवरून एकमेकांशी बोलू शकतात. मग मी माझा कॉलेजचा जुना लॅपटॉप काढला. बॅटरी फुगली होती म्हणून काढून टाकलेली, वायर लावली की चालायचा. त्यावर एक फुकटचा प्रोग्राम टाकला, तो म्हणजे घराचा मुनीम. सेन्सर त्यालाच सांगणार, तो खाली आईच्या खोलीतल्या घंटीला सांगणार. बास. परदेश नाही, कंपनी नाही. सोबत घरभर बोर्डांत चार छोटे सेन्सर लावले, पंखा-दिवे चालू आहेत की बंद ते मुनिमाला कळावं म्हणून. त्याची तशी गरज नव्हती. होते माझ्याकडे, लावले.

रविवारी मी सगळ्यांसमोर राउटरची बाहेरची वायर उपटली आणि दार उघडलं. खालून घंटीचा आवाज आला. कर्रर्र! मी अक्षरशः नाचले.

आई जिना चढून आली. "नेट नाही आणि वाजतंय?"

"हौ!"

"मग आजवर ते परदेशात कशाला जात होतं?"

"उगाच."

"उगाच," आई म्हणाली. "माणसं पण तशीच जातात."

राउटरच्या बटणावर मी चिठ्ठी चिकटवली, *बंद करू नका.* माझं मराठी अक्षर म्हणजे मुंग्या चालल्यासारखं, तरी बाबांनी मोठ्यानं वाचलं. "बंद करू नका. बरोबर." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "छान लिहिलंयस. कितवीत आहेस?"

एक गोष्ट अजून केली मी. बाबांच्या चपला लपवल्या. आईनं कुलूप-किल्ली पिठाच्या डब्यामागं ठेवली आणि मी चपला माझ्या कपाटात. म्हटलं, चपला नसल्या की जाणार कुठं?

सहाव्या दिवशी घंटी वाजली नाही.

आई दीडला वर गेली. दार ओढलेलं होतं, आणि बाहेरच्या कडीला बाबांचा रुमाल बांधलेला होता. तीन गाठी मारून.

मला फोन आला तेव्हा मी मीटिंगमधे होते. आई रडत नव्हती, एवढंच म्हणाली, "तुझी घंटी वाजली नाही गं." मी तिला म्हटलं, वाजली असेल, मशीनच्या आवाजात ऐकू आली नसेल. असं म्हणाले मी. आईला. 

एप्रिल होता. हैदराबादचा एप्रिल, दुपारचे दोन. ऑटोत बसून मी मोबाईलवरून घराच्या मुनिमाला उघडायला बघत होते आणि मग आठवलं, तो बाहेरून उघडत नाही. मीच तसं केलं होतं. जामबागेच्या चाचांना फोन केला. "नै बेटा, आज नै आए इधर. मैं देखतुं, परेशान नक्को हो." मी काचिगुडा स्टेशनच्या बाहेर प्रत्येक बाकड्यावर बघितलं. पांढऱ्या सदऱ्यातली माणसं किती असतात हो या शहरात! प्रत्येक पाठमोरा माणूस बाबा वाटायचा आणि वळला की दुसराच कुणीतरी निघायचा, आणि मला त्या बिचाऱ्याचा राग यायचा. दादा पुण्याहून दर पाच मिनिटांनी फोन करत होता. मी उचलत नव्हते, कारण काय सांगू?

तीन वाजता मी एका झाडाखाली उभी राहिले आणि मला पुढं काय करायचं तेच सुचेना. कुठली गल्ली, कुठली बाजू, काहीच. आजपर्यंत कुठलीही गोष्ट बिघडली की मी एकेक वायर तपासायचे. इथं तपासायला काहीच नव्हतं.

चारला आईच्या फोनवर अनोळखी नंबर. बाबांच्या खिशात आम्ही पत्त्याची चिठ्ठी ठेवली होती, ती एका ताकवाल्या बाईंनी वाचली होती. विद्यानगरमधे. मी पोचले तर बाबा तिच्या गाडीच्या सावलीत बसलेले, आणि ती वाकून त्यांच्या पायांवर तांब्यानं पाणी सोडत होती. "पापम्, पापम्," म्हणत, तेलुगूत बिचारा म्हणतात तसं. तळपायाला फोड आले होते, एक फुटला होता. डांबरावरून अनवाणी चालत आले होते ते. समोर जुनं घर होतं, लग्नानंतर आई-बाबा तिथं भाड्यानं राहायचे, दादा तिथलाच. माझ्या आधीचं घर.

बाबा मला म्हणाले, "दुकान बंद करून आलो. पण दार कुणी उघडत नाहीये." मग खाली बघून, फार संकोचानं, "आणि चपला कुणीतरी नेल्या बघ."

मी नेल्या होत्या.

संध्याकाळी डॉक्टरांकडून आलो. बाबांच्या दोन्ही पायांना पांढरी पट्टी. आई बाहेर गेली आणि दहा मिनिटांनी आली, तिच्या हातात नवं कुलूप होतं, पितळी, मोठं. टेबलावर ठेवलं. आणि वरण टाकायला गेली.

मी लॅपटॉपपाशी गेले. तो बंद होता. राउटर बंद. भिंतीवरची सगळी बटणं वर. चिठ्ठी तशीच चिकटलेली, *बंद करू नका*, आणि तिच्याखालचं बटण बंद.

म्हणजे सेन्सर चांगला होता, घंटी चांगली होती. बाबांनी बाहेर पडण्याआधी सगळंच बंद केलं होतं. आमच्या घरात कुणीही बटणं बंद केल्याशिवाय बाहेर पडत नाही. आई पडत नाही, मी पडत नाही, ऑफिसातसुद्धा जाता जाता दुसऱ्यांच्या चार्जरची बटणं बंद करते आणि शिव्या खाते. दुकानदाराचं घर आहे. आणि मी पहारेकरी बसवला तो बटणावर चालणारा.

लॅपटॉप चालू केला. मुनिमानं बंद पडेपर्यंत सगळं लिहून ठेवलं होतं. बारा चव्वेचाळीस, मागच्या खोलीचा पंखा गेला. बारा सेहेचाळीस, तिथला दिवा. बारा अठ्ठेचाळीस, स्वयंपाकघर. बारा एकावन्न, हॉल. बारा बावन्न, आणि पुढं काही नाही.

मी ते परत परत वाचत बसले. मागच्या खोलीपासून पुढं. आधी पंखा, मग दिवे, मग सगळी बटणं. जामबागेतलं दुकान. त्याच क्रमानं, त्याच वेळेला. बाबा पळून जात नव्हते. दुकान बंद करून घरी जेवायला निघाले होते. आठ मिनिटं ते माझ्या यंत्राला एकेक करून सांगत होते की मी निघतोय, आणि यंत्र लिहून घेत होतं आणि गप्प बसत होतं, कारण मी त्याला सांगितलं होतं की फक्त दाराकडं बघ.

मी आईजवळ गेले. "एक दिवस दे."

"आठ दिले होते."

"उद्याचा एक. मी रजा घेते, इथंच बसते."

"पाय बघितलेस त्यांचे?"

"चपला मी लपवल्या होत्या, आई."

तिनं पळी खाली ठेवली.  मग म्हणाली, "मला माहीत आहे. उद्या एक वाजेपर्यंत. मग मी हेच कुलूप लावणार आणि दादाला फोन करून सांगणार की लावलं."

सकाळी उठून केलं. फार थोडं काम होतं, तासाभराचं. वरचा मुनीम आता दर दहा सेकंदांनी खालच्या खोलीत एक शब्द पाठवतो, *आहे.* खाली माझा जुना फोन ठेवला, बॅटरीवर चालणारा, बाबांचा हात पोचणार नाही असा. तो ऐकत बसतो. आहे, आहे, आहे. तीनदा ऐकू आलं नाही की तो कर्कश ओरडतो. आणि त्याच्याही आधी, मागचा पंखा आणि दिवा एकापाठोपाठ गेले तरी ओरडतो. करंट गेला तरी ओरडणार, लॅपटॉप बिघडला तरी ओरडणार. ओरडू दे. गप्प बसायची परवानगीच काढून घेतली.

मग आईबरोबर खाली जाऊन बसले. वर बाबा एकटे, पट्ट्या बांधलेल्या पायांनी. आज ते उठतील का, हेही माहीत नव्हतं. उठू नयेत असं वाटत होतं आणि उठावेत असंही, आणि दुसऱ्या वाटण्याची भीती वाटत होती. आईनं मशीनवर हात ठेवलेला, चालवत नव्हती. नवं कुलूप तिच्या मांडीवर. साडेबारा झाले. पावणेएक झाला. काही नाही. एक वाजायला आला. आई कुलूप घेऊन उठायला लागली.

फोन ओरडला.

इतक्या जोरात की समोरच्या इस्त्रीवाल्यानं मान वर केली. आईचा गुडघा दुखतो, तरी ती माझ्या आधी जिन्यात होती. दार ढकललं तर मागची खोली अंधारलेली, आणि बाबा एकेक बटण बंद करत पुढं येत होते. हॉलच्या बोर्डापाशी येऊन त्यांनी शेवटचं बटण दाबलं. राउटरचं. वळले, भिंतीला धरत, दुखऱ्या टाचा उचलून चालत दारापर्यंत आले.

मी म्हणणार होते, बाबा बसा. तोंड उघडलंच होतं. आईनं माझा दंड धरला.

"झालं का हो बंद?" ती म्हणाली.

"झालं." बाबांनी तिच्या हाताकडं बघितलं. "आण इकडं कुलूप. कधीचा शोधतोय."

आईनं दिलं.

आम्ही तिघं बाहेर उभे राहिलो. बाबांनी कडी लावली, नवं पितळी कुलूप अडकवलं, दाबलं. एक हिसका. दोन. तीन. हात कपाळाला लावला. त्यांचा चेहरा असा झाला होता की मी दुसरीकडं बघितलं. इतके दिवस कुणी त्यांना नीट दुकान बंद करू दिलं नव्हतं.

"चला, घरी," बाबा म्हणाले.

"चला," आई म्हणाली. "आधी या घाला." माझ्या कपाटातल्या चपला तिच्या पिशवीत होत्या. कधी काढल्या होत्या काय माहीत. पट्ट्यांवरून त्या नीट बसेनात, मी खाली बसून पट्टे सैल केले.

एका बाजूला आई, एका बाजूला मी. एकेक पायरी. जिना उतरून गल्लीत, गल्लीतून पुढच्या रस्त्यावर, फक्त सावलीच्या बाजूनं, बिल्डिंगला एक वळसा. बाबा वाटेत इस्त्रीवाल्याला म्हणाले, "तीनला उघडतो." तो आईच्या खोलीतल्या ओरडणाऱ्या फोनकडं बघत म्हणाला, "हौ साब." परत जिन्यापाशी आलो तेव्हा त्यांचा श्वास लागला होता, पाय ओढत होते. वर चढायला दहा मिनिटं लागली. आईनं कुलूप उघडलं आणि एकेक बटण लावलं, हॉल, स्वयंपाकघर, मागची खोली. बाबा आत आले, इकडंतिकडं बघितलं, खुर्चीत बसले.

"आलो बाई घरी," म्हणाले. "काय केलंय जेवायला?"

हे किती दिवस चालेल, मला माहीत नाही. एक दिवस बटणांचा क्रमही विसरतील, मग फोन कशावर ओरडणार? दादाला मी हेच सांगितलं, तर तो म्हणाला की मे महिन्यात येतो, दुपारी मी नेईन त्यांना. कुलूप आता दारामागच्या खिळ्यावर असतं, बाबांच्या हाताला लागेल असं. चपला रॅकवर.

पण त्या दिवशी बाबांच्या ताटात वरण वाढत होतो तेवढ्यात खालून रस्त्यावरनं इस्त्रीवाला बोंबलायला लागला, "अम्मा! वो फोन बंद करो ना, कबसे चिल्ला रा!" आम्ही विसरूनच गेलो होतो. बटणं लावली तरी त्याला तसं कळत नव्हतं, तेवढं करायचं राहिलं होतं. आम्ही तिघं वरती, आणि तो खाली रिकाम्या खोलीत अजून ओरडतच होता.